कुलपातली कुंभारमाशी

"थांबा, हात लावू नका."

जिन्यावरून मी अशी ओरडले, की कोठीच्या दारापुढे उकिडवा बसलेला किल्लीवाला दचकलाच. हातातली तार तो दारातच बसवलेल्या कुलपाच्या भोकात घालणार होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं... आणि पुढे काय सांगायचं होतं, ते मी क्षणभर विसरूनच गेले.

"मॅडम, तुम्हीच बोलावलंत. किल्ली आत जात नाही म्हणून."

"हो, पण का जात नाही ते आत्ता कळलं. आत बाळ आहे."

"कुलपात?"

मी निसर्ग संग्रहालयात मुलांना किडे-मुंग्यांच्या गोष्टी सांगते. विषय निघाला की मला आवरणं कठीण. मी त्याच्या शेजारीच फतकल मारली आणि भोकावरचा वाळलेला चिखल दाखवला. दहा दिवस मी रजेवर होते, तेवढ्यात कुंभारमाशीने डाव साधला होता. ती आत बारीक धाग्याला एक अंडं टांगते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि वरून चिखलाने दार लिंपून टाकते.

"मग आई परत कधी येते?"

"येतच नाही. बाळाच्या जेवणाची सोय करून ती निघून जाते. तीनेक आठवड्यांनी आतली माशी चिखल कुरतडून आपली आपण बाहेर पडते."

"म्हणजे माझ्या पोटावर पाय," तो गंभीरपणे म्हणाला, "किल्लीशिवायच कुलपातून सुटते."

मला हसू आवरेना. पण कोठीतले फुलपाखरांचे खोके त्याच दुपारी हवे होते. दुसरा कुणी असता तर सरळ ड्रिल लावून मोकळा झाला असता. याने बाहेरच्या बाजूच्या बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढल्या आणि कुलपाला धक्का न लावता अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. मी बघतच राहिले. खरं सांगते, त्याच क्षणी मी घसरले.

"माशी बाहेर पडली की कुलूप साफ करून दार बसवून देतो," तो म्हणाला. "तोवर... रोज बघायला आलो तर चालेल?"

चालेल? मला तर आभाळ ठेंगणं झालं.

रोज दुपारी दुकानाला कुलूप घालून तो येई. आम्ही दोघं भिंग घेऊन चिखलाच्या त्या टिकलीपुढे बसायचो. तो मला कुलपाच्या पोटातल्या खिट्ट्या समजावायचा, मी त्याला अळीचं कोषात कसं रूपांतर होतं ते सांगायचे. मग मी मुलांसाठी ठेवलेल्या नोंदवहीत लिहायचे – 'अजून आतच.' आईने तर फोनवर विचारायलाच सुरुवात केली, "माशी कशी आहे? आणि माशीवाला?"

"किल्लीवाला, आई."

"तेच ते."

एका गुरुवारी सकाळी पाहिलं, तर चिखलात गोल भोक. माशी उडून गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा एक किडा जन्मला याचं मला रडू आलं. आता तो येणार, कुलूप साफ करणार, दार बसवणार आणि जाणार. मग मी एक चोरी केली. कुंडीतली माती भिजवली, ते भोक बुजवलं आणि वहीत लिहिलं – 'अजून आतच.'

'जे दिसतं तेच लिहायचं,' असं मी मुलांना रोज बजावते. आणि माझीच नोंद खोटी.

चार दिवस तो आला, भिंगातून पाहिलं, गप्पा मारल्या, गेला. चार दिवस मी तीच थाप लिहिली. सोमवारी मात्र एका चिमुरडीने ती वही वाचून विचारलं, "ताई, बाळ आत गुदमरलं का?" तिचे डोळे भरून आले होते. मला माझीच लाज वाटली. तो गेला तर गेला, पण हे काही खरं नव्हे.

तो आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे धरली. 'माशी गुरुवारीच गेली. भोक मी बुजवलं.'

त्याने ते सावकाश वाचलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"गुरुवारी दुकान उघडण्याआधी इथे डोकावलो होतो. भोक दिसलं. दुपारी आलो तर बुजलेलं... माशीचा चिखल कणाकणाचा असतो, तुम्हीच दाखवलं होतंत. आणि यावर अंगठ्याचा ठसा आहे." तो थांबला. कान लाल झाले होते. "बुजवणाऱ्याला मी यावं असं वाटतंय, असं समजलो. म्हणून गप्प बसलो. चुकलो का?"

"नाही," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. दार बसवून निघून गेलात तर मला चैन पडणार नाही."

तो पिशवीतून ब्रश काढून कुलूप साफ करायला बसला. अर्ध्या तासात दार जागेवर होतं, किल्ली लोण्यासारखी फिरत होती. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली, पण हात काही काढून घेतला नाही.

"काम संपलं," तो म्हणाला.

मी धीर केला. "उद्या... येशील? काम काहीच नाहीये."

'येशील' ऐकून तो हसला, अगदी डोळ्यांपर्यंत.

"काम नसेल तर सकाळीच येतो, तुझ्यासाठी."