खडखडणारा पंप

बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. ड्रायव्हरने मला आरशात पाहिलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पुढची बस चाळीस मिनिटांनी, दिवसभर उभं राहून पायात आलेले गोळे आणि सकाळपासून डोक्यात साठलेला राग — अशा अवस्थेत मी मागे वळले, तर समोर एक दुकान. काचेआड निळा उजेड होता आणि त्या उजेडात बोटाएवढा एक केशरी मासा माझ्याकडे बघून तोंड उघडत-मिटत होता. हा मलाच हसतोय, असं वाटून मी तणतणत आत शिरले.

आत खारट, ओला वास. एक माणूस बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात एका टाकीत घालून उभा होता. त्याच्या दुसऱ्या हातावर वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ होते. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "दार लावून घ्या. पाणी गार होतं."

या बसा नाही, काय हवंय नाही. मी दार लावलं. जरा जोरातच लावलं.

तो केशरी मासा आणि टेबलावर मावेल असं काचेचं एक छोटंसं भांडं मला हवं होतं. ते ऐकून त्याने टाकीतून हात काढला, पुसला आणि सांगितलं की मासा मिळणार नाही आणि भांडं तर मुळीच नाही. मग मला धडा दिला. पाणी थोडं असलं की ते लवकर बिघडतं. उन्हाने वाफ होऊन पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, आणि सकाळी ठीक असलेलं भांडं दोन दिवसांत मिठागर होतं. पहिल्यांदा करणाऱ्याने म्हणून मोठी टाकी घ्यावी, निदान दोन फुटी.

मी एक्स-रे काढते. दिवसातून पन्नास वेळा लोकांना "श्वास धरा... हलू नका... सोडा" असं सांगते आणि लोक ऐकतात. मला कोणी असं सांगितलेलं मला चालत नाही. मी त्याच्याकडे पाठ करून मांडणीवरच्या वस्तू स्वतःच उचलायला सुरुवात केली. फेस काढणारं एक उंच नळकांडं उचललं. त्याने ते माझ्या हातातून घेऊन परत ठेवलं. एवढ्या टाकीला नको, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की पुरतं. रिमोटवर बारा रंग दाखवणारा दिवा उचलला. तोही परत गेला. माशाला काय, लग्नाचा मांडव दाखवायचाय? असं करत करत शेवटी काउंटरवर त्याच्या मर्जीचं सामान उरलं : दोन फुटी टाकी, साधा दिवा, हीटर, थर्मामीटर, मिठाचं पोतं, खारटपणा मोजायचं दुर्बिणीसारखं एक यंत्र आणि टोपलीभर खडबडीत दगड.

"आणि मासा?" मी विचारलं.

"सहा आठवड्यांनी. आधी नुसतं पाणी आणि दगड. पाण्याला जीव धरायला वेळ लागतो."

सहा आठवडे! माझा बांध तिथे फुटला.

"माझ्याकडे सहा आठवडे नाहीत," मी म्हणाले. "माझ्या बाबांची उजवी बाजू गेलीय. जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, असं डॉक्टर म्हणालेत. त्यातले चार गेले. बोलता येतं पण बोलत नाहीत, हात हलेल पण हलवत नाहीत. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात आणि भिंत बघतात. मला त्यांना त्या भिंतीवरून वळवायचंय. पुरे एवढी माहिती, की आणखी काही लिहून देऊ?"

त्याने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक, पापण्यांवरही मीठ असावं असे चिडचिडे.

"बाबा काय करायचे?"

"जहाजावर इंजिनरूममध्ये होते. बत्तीस वर्षं पंप दुरुस्त केले."

त्याने मांडणीवरून पाणी फिरवणाऱ्या पंपाचा एक नवा खोका काढला आणि "तपासून आणतो" म्हणून आतल्या खोलीत गेला. एक पंप तपासायला त्याला इतका वेळ लागला की माझी दुसरी बसही गेली. बाहेर आल्यावर त्याने कागदी पिशवीवर सगळ्या सूचना लिहून दिल्या. शेवटची होती, 'वायरीला झोळ द्या', आणि तिच्याखाली दोन रेघा होत्या. दोनदोन रेघा मारून सांगणाऱ्या माणसांचं मी ऐकत नाही.

रविवारी बाबांच्या खोलीत टाकी मांडली. मीठ कालवलं, दगड रचले, पंप लावला. आणि पंप खडखडायला लागला. साधासुधा नाही, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. बाबांची सगळी उठबस करणारी आत्या दारात येऊन म्हणाली, "हे काय, गिरणी घातलीस का घरात?" बाबांची पाठ हलली नाही. नंतर आत्याने मला सांगितलं की त्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांडीवर त्या आवाजाबरोबर थोडा वेळ वाजत होतं. मी म्हटलं, तुला भास होतायत.

पहिल्या शनिवारी पाण्याची बाटली घेऊन दुकानात गेले आणि ती काउंटरवर आपटली. पाणी तपासून घ्यायचं होतं आणि पंपाबद्दल भांडायचं होतं. त्याने पाणी नळ्यांमध्ये ओतलं, थेंब टाकले आणि पंपाचं ऐकून घेऊन म्हणाला, "आणखी एक आठवडा चालवा." बसेल तो आपोआप, म्हणे. दुसऱ्या शनिवारी तेच. बाटली आपटली, थेंब पडले, आणखी एक आठवडा. खोका बदलून द्यायलाही तयार नाही. असा माणूस धंदा कसा करतो, मला कळेना.

एक मात्र कबूल करते. रंग बघण्यासाठी नळी पांढऱ्या कागदासमोर धरायला लागते, आणि ती बघायला दोघांना वाकावं लागतं. त्या दुसऱ्या शनिवारी माझा चेहरा बघून त्याने विचारलं होतं, "आज कोणावर?"

"यादी मोठी आहे."

"सांगा. मला वेळ आहे."

मग मी सांगितलं. बसवाला, हलू नका म्हटल्यावर हटकून हलणारे पेशंट, शेजारी येऊन 'देव बघतोय' म्हणणाऱ्या बायका, ती भिंत, आणि — हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं — बाबा. त्यांच्यावर सगळ्यात जास्त. आजारी माणसावर रागावतात का, असं तो म्हणाला नाही. नळी हातात धरून तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता नळीतला रंग इतका पुढे गेला की तपासणी पुन्हा करावी लागली. त्याने दुसऱ्यांदा थेंब टाकले तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचाही राग आला, कारण घरी जाताना बसमध्ये मला दुसरं काहीच आठवेना.

तिसऱ्या शनिवारी सकाळी मी टाकीत पाणी घालत होते. पंप आपला खडखडत होता. मागून आवाज आला.

"बंद कर."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. चार महिने न वापरलेला, गंजलेला आवाज. पण राग अगदी ताजा.

"बंद कर ते. दांडा... हलतोय. तुला ऐकू येत नाही?"

मी बटण बंद केलं. मागे खुर्ची करकरली. डावा पाय जमिनीवर रेटून बाबा खुर्ची वळवत होते. भिंत, खिडकी, कपाट, आणि मग मी. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी आधी टाकीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडे.

"आणि ही वायर. सरळ बोर्डात? पाणी उतरेल... तिच्यावरून. खाली येऊ दे. मग वर ने. झोळ... झोळ दे. बत्तीस वर्षं काय शिकलीस माझ्याकडून?"

खरं तर बत्तीस वर्षं ते घरी नव्हतेच. पण मी वाद घातला नाही. वायर सोडली, झोळ दिला. पंप काढून टेबलावर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो उघडायला घेतला तर तो सरकायला लागला, आणि तो सरकू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर दुसरा हात ठेवला. उजवा. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आत्याने माझा दंड असा काही धरला की वळ उठले.

आतला छोटा पंखा निघाला, त्याचा पांढरा दांडा निघाला. बाबांनी तो उजेडात धरला.

"दोन्ही टोकांना... रबर असतं. नाही." ते थांबले, बोट आत घालून चाचपलं. "झिजलेलं नाही. काढलंय. कोणीतरी मुद्दाम काढलंय. नवीन आण."

मी जिना कसा उतरले आठवत नाही. मुद्दाम! त्याने तो पंप आत नेला होता, तपासायला. तीन आठवडे मी त्याच्यासमोर पोटातलं सगळं ओतत होते, आणि हा माणूस मला बिघडवलेला पंप देऊन 'आणखी एक आठवडा' म्हणत होता.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी उघडा पंप काउंटरवर ठेवला. आपटला नाही, इतका राग आला की मी आपटत नाही.

"रबरं कुठे आहेत?"

त्याने पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची एक छोटी पुडी काढली आणि उघडून समोर ठेवली. आत डाळीच्या दाण्याएवढी दोन काळी रबरं होती.

"कोणी शोधलं?" त्याने विचारलं. "तुम्ही, की..."

"बाबांनी."

तो स्टुलावर बसला.

"मासा त्यांनी बघितला असता, नसता," तो म्हणाला. "चांगला पंप आवाज करत नाही. त्याच्याकडे कोण वळून बघणार? पण पंपात आयुष्य गेलेला माणूस खडखडणाऱ्या पंपाजवळ गप्प बसूच शकत नाही, असं मला वाटलं. चुकलो असतो तर... तुमचे तीन आठवडे मी वाया घालवले असते. दर शनिवारी वाटायचं, देऊन टाकावीत."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्हाला तो आवाज खरा सहन झाला असता? त्यांना कळलं असतं. नाटक लगेच कळतं आजारी माणसाला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. माझ्या वडिलांवर प्रयोग करायचा हक्क त्याला कोणी दिला, हे मी विचारलं. त्याने मान खाली घातली. कोणी नाही, म्हणाला. मग हळूच, त्या रबरांकडे बघत —

"आणि सगळं त्यांच्यासाठीच होतं असंही नाही. निम्मं. दुसऱ्या शनिवारनंतर... पंप गप्प झाला असता, तर तुम्ही भांडायला कशाला आला असतात?"

टाक्यांमधून पाणी फिरत होतं. बारीक, गुळगुळीत आवाज, चांगल्या पंपांचा. तो केशरी मासा काचेला नाक लावून तोंड उघडत-मिटत होता. समोरचा माणूस मात्र अजिबात हलत नव्हता.

"मी फार रागावलेय," मी म्हणाले.

"दिसतंय."

"नाही दिसत. मला ज्याचा राग येतो ना, त्याच्याकडे मी परत जात नाही. बसच्या आधीच्या थांब्यावर उतरते, पण त्याच्या दारावरून जात नाही. तुमच्याकडे मी तीनदा परत आलेय. दोन शनिवारी तर केसही धुतले होते."

त्याने वर पाहिलं. त्या मिठाळलेल्या डोळ्यांत असं काही होतं की मलाच दुसरीकडे बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

"श्वास सोडा आता," मी म्हणाले. "आणि दुकान बंद करा. रबरं तुम्हीच घेऊन चला. बाबांसमोर उभं राहा आणि सांगा कोणी काढली ती."

बसमध्ये तो माझ्या शेजारी पुडी मुठीत धरून बसला होता, परीक्षेला निघाल्यासारखा. आमचे हात मध्येच एकदा लागले. त्याचा गार होता, आणि खरखरीत. आम्ही दोघांनीही हात काढून घेतला नाही.

घरी बाबांची खुर्ची टाकीसमोर होती. नुसतं पाणी आणि दगड, पण ते त्याकडे बघत होते. त्याने स्वतःहून सांगितलं. कारणं दिली नाहीत, मी काढली म्हणाला. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग त्याला झापलं. शब्द अडखळत होते, मध्येच गळत होते, पण चार महिन्यांचा साठा होता आणि त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. चांगलं यंत्र बिघडवणं म्हणजे काय, जहाजावर असं करणाऱ्याला काय मिळतं, सगळं. तो ऐकत उभा राहिला. आत्या दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मग बाबांनी हात पुढे केला. उजवा. तो कोपरातून उठला, थरथरला, खाली जाईल असं वाटलं... गेला नाही. तळवा अर्धाच उघडला. त्याने वाकून दोन्ही रबरं त्या तळव्यावर ठेवली आणि बाबांची बोटं, एकेक करत, त्यांच्यावर मिटली.

"मासे कधी?" बाबांनी विचारलं.

"अजून तीन आठवडे."

"मग तोवर दर शनिवारी ये तू." बाबांनी मानेनेच माझ्याकडे खूण केली. "हिला वायर लावता येत नाही."

मला वायर उत्तम लावता येते. घरातले सगळे दिवे, आत्याचा पंखा, सगळं मी लावलंय. मी तोंड उघडलं, बारीक डोळे करून तो माझ्याकडे बघत होता तिकडे पाहिलं, आणि गप्प बसले.