दोन बुबुळांमधलं अंतर

चष्म्याच्या दुकानात माणसं साधारणपणे दोन कारणांनी येतात. एक तर त्यांना नीट दिसत नसतं, किंवा आपण नीट दिसत नाही अशी त्यांना शंका असते. त्या दुपारी आत शिरलेला तरुण या दोन्ही वर्गांत बसेना. डोळे ठणठणीत, चेहराही नावं ठेवण्यासारखा नाही. अंगात ग्रीसचे डाग पडलेला निळा शर्ट आणि हातात ॲल्युमिनियमची एक पट्टी. पट्टीवर दोन चिमुकले कॅमेरे, भांडून समेट झालेल्या भावंडांसारखे शेजारी शेजारी बसवलेले.

“मला चष्मा नकोय,” तो म्हणाला. “माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर हवंय.”

दुकानाचे मालक मामा गल्ल्यामागून न उठता म्हणाले, “अंतर फुकट मिळतं. फ्रेम विकत घ्यावी लागते.” आणि त्यांनी भाचीकडे बोट केलं. मापं घेणं, काचा बसवणं, रुसलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घालणं ही सगळी खाती भाचीकडे होती. मामांकडे गल्ला होता आणि मतं होती.

“कशाला हवंय?” तिने मोजपट्टी काढत विचारलं.

“कॅमेरे बरोबर तेवढ्याच अंतरावर बसवायचेत. डावा माझ्या डाव्या डोळ्यासारखा बघणार, उजवा उजव्यासारखा. मग ती दोन चित्रणं एकदम दाखवणारा एक जाडजूड चष्मा असतो, तो लावला की—” त्याने हात लांब करून हवेतलंच काहीतरी अलगद उचललं, “—असं हाताला लागतं. चित्राला खोली येते.”

“हा धंदा आहे तुमचा?”

“धंदा लिफ्टदुरुस्तीचा. हे खूळ.”

त्याला स्टुलावर बसवून तिने पट्टी त्याच्या नाकावर टेकवली. “समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघा. सगळ्यात वरच्या.” ती वाकली. “बासष्ट… थांबा. साठ. हलू नका हं.”

“मी हललो नाही.”

“डोळे हलले. जवळचं काही बघितलं की बुबुळं आत सरकतात, अंतर कमी भरतं.” ती पट्टीवरून नजर न काढता म्हणाली, “तुम्ही अक्षरांकडे बघत नाही आहात.”

“अक्षरं… पाठ झाली.”

“एकदा बघून?”

“मोठी आहेत ना.”

गल्ल्यामागून मामा खोकले. मामांना खोकला नव्हता.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण भाची ती आपणहून सांगणार नव्हती. तिचा डावा डोळा आळशी होता. हा डॉक्टरांचा शब्द, कोणी घरच्याने दिलेली शिवी नव्हे. दिसायला दोन्ही डोळे सारखेच टपोरे, पण काम एकटा उजवा करायचा आणि डावा नुसता हजेरी लावून बसायचा. पुष्कळ कचेऱ्या याच पद्धतीने चालतात आणि बऱ्या चालतात. फक्त दोन डोळे मिळून जी खोली दाखवतात, ती तिने जन्मात कधी पाहिली नव्हती. पाण्याचा पेला उचलताना, जिना उतरताना, ती अंतराचा अंदाज अनुभवाने बांधायची. बहुतेक वेळा तो बरोबर यायचा. बाकीच्या वेळी पेला फुटायचा.

लिफ्टवाला परत येऊ लागला. कधी कॅमेऱ्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून, कधी तो घट्ट झाला म्हणून. इतका बारीक पेचकस फक्त चष्मेवाल्यांकडेच असतो हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मात्र लोक तो विकतही घेतात, हे त्याला कोणी सांगितलं नाही. तिने तर नाहीच.

पहिल्यांदा त्याने जिन्याचं चित्रण आणलं. फोन त्या जाडजूड चष्म्यात अडकवून तिच्या डोळ्यांवर चढवला, आणि उत्तराची वाट बघत नखं खात उभा राहिला. तिला एक सपाट जिना दिसला.

“वा…” ती म्हणाली. “किती खोल आहे.”

नवी साडी कशी आहे असं कोणी विचारलं की आपण म्हणतो तेवढंच ते खोटं होतं. पण त्याचा चेहरा असा उजळला, की पुढच्या वेळी कबुतरांचं चित्रण बघताना तिने जरा मान चुकवली. त्याच्या पुढच्या वेळी, नळाच्या धारेखाली हात धरला.

“माझ्याकडे दाखवायला माणसंच नाहीत,” स्क्रू शोधायला काउंटरखाली वाकलेला असताना तो एकदा म्हणाला. “आत्याला कबुतरं दाखवली तर ती खुर्चीवरून पडली. मित्र चष्मा लावून ‘भारी’ म्हणतात आणि जेवायला जातात. तू… म्हणजे तुम्ही—”

“तू चालेल.”

“तू शेवटपर्यंत बघतेस. हल्ली मी चित्रण करायला निघालो की मनात हेच असतं. ही कशी बघेल हे.”

स्क्रू सापडला. तिची झोप हरवली.

त्या आठवड्यात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उठून दारापर्यंत जायची, परत यायची, पुसलेल्या काचा पुन्हा पुसायची. एका मुख्याध्यापकांना तिने त्यांच्या बायकोचा चष्मा दिला आणि बायकोला मुख्याध्यापकांचा. दोघंही तक्रार घेऊन आले नाहीत, हा भाग वेगळा.

“सांगून टाक त्याला,” मामा म्हणाले.

“काय सांगू? तू ज्या डोळ्यांसाठी एवढं करतोस, त्यातला एक रजेवर आहे?”

“असंच सांग. बरं वाक्य आहे.”

“आणि तो गेला तर?”

“तर काउंटर मोकळा होईल. त्याचे स्क्रू पायाला टोचतात माझ्या.”

“मामा, चेष्टा नको.”

“चेष्टा नाही, बाळ. खोटं बोलायला स्मरणशक्ती लागते. तू कालपासून तीनदा विचारलंस, माझा पेचकस कुठंय म्हणून. हातात आहे तुझ्या.”

तिने ठरवलं, येत्या खेपेला सांगायचंच. पण येत्या खेपेला तो वाऱ्यासारखा आत आला आणि तिला बोलूच देईना. काचेच्या भिंतींची एक नवी लिफ्ट त्याच्या ताब्यात आली होती. छताला पट्टी टांगून, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत शहर कसं पायाखाली जातं ते त्याने टिपलं होतं.

“सगळ्यात चांगलं झालंय. आधी बघ. मग बोल.”

तिने पाहिलं. घरं खाली सरकत गेली, सपाट, निमूट. तो समोर उभा होता… त्याच्या श्वासाची ऊब तिच्या बोटांना लागत होती. सांगायचं होतं ते ओठांवर आलं आणि तिथेच वळलं.

“पोटात गोळा आला,” ती म्हणाली. “कठडा अगदी हाताशी, आणि शहर… कुठच्या कुठे खोल.”

“मला बघू दे,” मामा म्हणाले. आजवर त्यांनी कधी उत्साह दाखवला नव्हता. नेमका आज दाखवला. चष्मा लावला आणि लगेच काढला. कपाळ दाबत ते म्हणाले, “हे काय रे? घरं माझ्या नाकावर बसलीत आणि कठडा पार तिकडे, मैलभर. डोकं भणभणलं माझं.”

लिफ्टवाल्याने चष्मा हिसकावून स्वतः लावला. क्षणभर बघितलं. मग सावकाश काढला.

“पट्टी उलटी टांगली होती,” तो म्हणाला. “नंतर चित्रणं सुलटी केली, पण डावं डावीकडेच राहिलं आणि उजवं उजवीकडे. अदलाबदल करायला विसरलो. म्हणून सगळं आतलं बाहेर, बाहेरचं आत.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “हे कुणालाही दोन क्षण बघवणार नाही. तुला कठडा हाताशी दिसला?”

तिने पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

“म्हणजे कबुतरं… नळ… ते सगळंही?”

“ऐक ना—”

“मन राखायचीस माझं.” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मला वाटायचं, एक माणूस तरी खरं सांगतं.”

तो गेला. जाताना आपले स्क्रू वेचून घेऊन गेला, एकूण एक. मामांच्या पायाला त्यानंतर काही टोचलं नाही, आणि तरी ते दिवसभर किरकिर करत होते.

पुढचे दिवस तिने येरझारा घालण्यात काढले. दाराची घंटा वाजली की दचकायची. गिऱ्हाइकाला बघून निराश व्हायची. दुकानदाराने असं करणं धंद्याला मारक असतं. शेवटी मामांनीच एका सकाळी तिची ओढणी तिच्या हातात दिली.

“चौकातल्या उंच इमारतीची लिफ्ट बंद आहे म्हणे,” ते छताकडे बघत म्हणाले. “कोणीतरी दुरुस्त करत असेल.”

लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत लिफ्टवाल्याला गाठायचं, तर जिनाच चढावा लागतो. हा विचार तिने आधी केला नव्हता. गच्चीवर पोचेपर्यंत ओढणी एका खांद्यावर, केस तोंडावर आणि पाठ केलेली वाक्यं मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर राहिलेली.

वर भणाण वारा होता. लिफ्टच्या यंत्राची खोली उघडी, हत्यारं पसरलेली. मधोमध एका तिपाईवर काठीला लावलेलं कसलंसं काळं यंत्र. माणूस नाही. मग तिला पाण्याच्या टाकीमागे दोन बूट दिसले.

“मी आलेय,” ती बुटांना म्हणाली.

बूट चपापले. “थांब, मी—”

“बाहेर येऊ नकोस. तू समोर आलास की मला खोटंच सुचतं.” तिने श्वास घेतला. “माझा डावा डोळा काम करत नाही. लहानपणापासून. तुझ्या चित्रांतली खोली मला एकदाही दिसली नाही. जिना सपाट, कबुतरं सपाट. मी दरवेळी खोटं बोलले. पण तुझं मन राखायला नाही… तू पुन्हा यावास म्हणून.”

टाकीतून पाणी ठिबकत होतं.

“मग शेवटपर्यंत काय बघायचीस?” टाकीमागून आवाज आला. “खोटं बोलायला पहिला क्षण पुरला असता.”

“ऐकायचे.”

“काय?”

“कॅमेरा हलू नये म्हणून तू श्वास धरून ठेवतोस. आणि अगदी शेवटी, बंद करायच्या आधी, सोडतोस. तेवढा ऐकू येतो. मी…” वाऱ्याने केस पुन्हा तोंडावर आणले, तिने ते तसेच राहू दिले. “मी तेवढ्यासाठी थांबायचे.”

बूट एकमेकांवर चढले, उतरले.

“एक सांगू का,” आवाज म्हणाला. “कॅमेरा चालू आहे.”

ती गर्रकन वळली. “कुठल्या बाजूचा?”

“सगळ्याच. चौफेर आहे तो. एक भिंग पुढे, एक मागे. त्याला पाठच नसते. म्हणून तर मी लपलोय.”

“आणि खोली?”

“नसते यात. मुद्दाम आणला. म्हटलं, तिला ती आधीची चित्रं आवडत नव्हती, तर… दुसरं काहीतरी दाखवू.”

हे ऐकून तिला हसू आलं, आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे एकही धड झालं नाही.

“म्हणजे तू येणार होतास?”

“स्क्रू ढिला झाला असता की आलो असतो.”

“आता तो बंद कर ना.”

“बाहेर यावं लागेल. तू नको म्हणालीस.”

“…ये.”

तो आला. शर्टाची बाही ओली झालेली, कानापर्यंत लाल. कॅमेऱ्याकडे मात्र वळला नाही.

“तू चुकीच्या जागी उभी आहेस,” तो म्हणाला. “दोन भिंगांचा सांधा येतो तिथे. इतकं जवळ उभं राहिलं की माणूस अर्धंच उमटतं.”

“मग कुठे उभी राहू?”

“इकडे. माझ्या बाजूला.”

ती निघाली. अंतर फार नव्हतं, पण शेवटच्या पावलाचा तिचा अंदाज चुकला आणि ती सरळ त्याच्या खांद्यावर जाऊन आदळली.

“लागलं?” त्याने विचारलं.

“तुला?”

“नाही. मला वाटलं होतं, अजून लांब आहेस.”

ती मागे सरकली नाही. त्याने तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले, आणि ग्रीसचं एक बोट तिच्या गालावर उमटलं. ते त्याने सांगितलं नाही, तिला कळलं नाही, कॅमेऱ्याने टिपलं.

जिन्याच्या तळातून कोणीतरी हाक मारली, “अहो लिफ्टवाले, अजून किती वेळ?”

त्याने मानही वळवली नाही.

“अंदाज सांगता येत नाही,” तो ओरडून म्हणाला. “जिन्याने या.” आणि मग घाईघाईने, “नको. येऊ नका.”