मारिटचा पट्टा

कॅमेरामन इव्हर पुढच्या डोलकाठीखाली पालथा पडला होता. कवटी मागून फुटली होती. जहाज कललं की रक्ताचा ओघळ फळ्यांवरून दिशा बदलत होता. सकाळीच दोरांना फासलेल्या डांबराचा वास त्या रक्ताच्या वासात मिसळला होता.

बर्गन सोडून दोन दिवस झाले होते. सव्वाशे वर्षं जुन्या ‘स्कार्व’ या शिडाच्या जहाजावर माहितीपटाचं चित्रीकरण चालू होतं. दुपारी खलाशी खाली जेवत होते. वर तिघेच होते: इव्हर, दिग्दर्शक हाल्वोर आणि सुकाणूवर तांडेल गुडमुन.

कप्तान हियोर्डिसने प्रेत उताणं केलं, तळहात उघडून पाहिले. पांढरेफटक, स्वच्छ. बुटात एक मेमरी कार्ड सापडलं. ते तिने आपल्या खोलीत एकटीने पाहिलं.

खलाशांचा संशय गुडमुनवर होता. मे महिन्यात याच चित्रीकरणात त्याची मुलगी मारिट डोलकाठीवरून पडून मेली होती. काल त्याने इव्हरचा गळा धरला होता.

"का धरलास?" कप्तानने विचारलं.

"मारिटबद्दल काही सांगायचंय म्हणाला. त्याच्या तोंडून तिचं नाव ऐकवेना."

"आज सुकाणू सोडलंस?"

"सोडलं असतं तर जहाज भरकटलं असतं. खाली तुमच्या वाडग्यातलं सूप सांडलं असतं, कप्तान."

सूप सांडलं नव्हतं. तिने हाल्वोरला बोलावलं.

"तू काय पाहिलंस?"

"दोरांच्या शिडीने चढला. अर्ध्यावर हात सुटला."

"हातमोजे होते?"

"कॅमेरा हाताळताना तो कधीच घालत नाही. डोळ्यांनी पाहिलंय, कप्तानबाई."

"त्या दोराला हात लाव."

त्याने लावला. तळवा काळा झाला.

"इव्हरचे हात स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "तो चढलाच नाही. इथेच उभा असताना तू मागून डोक्यात घातलंस. दोर बांधायची एक लाकडी खुंटी कठड्यावरून गायब आहे, ती तू समुद्रात फेकलीस. मधल्या शिडामुळे गुडमुनला दिसलं नाही."

"मी कशाला मारू त्याला?"

"मारिटने मस्तीत सुरक्षेचा पट्टा काढला म्हणून पडली, अशी साक्ष दिली होतीस. कार्डावर तुझा आवाज आहे. ‘पट्टा काढ, चित्रात घाण दिसतो.’ इव्हर काल गुडमुनला तेच सांगायला गेला होता; मग ते पोलिसांकडे गेलं असतं."

हाल्वोरने दुसरी खुंटी उपसून तिच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज झाला. सुकाणूवरून सगळं ऐकणारा गुडमुन ते दुसऱ्याच्या हाती देऊन धावला. त्याने हाल्वोरचं मनगट पिरगाळून मोडलं, त्याला अर्धा कठड्याबाहेर लोटलं आणि मानेला धरून लोंबकळत ठेवलं.

"ती काय म्हणाली, कप्तान? पट्टा काढायला सांगितल्यावर?"

"नको म्हणाली. दोनदा."

खाली लाटा आपटत होत्या. हाल्वोर भीक मागत होता. बराच वेळ गुडमुनची पकड हलली नाही. मग त्याने त्याला आत ओढून फळ्यांवर आपटलं आणि स्वतःच्या हाताने बांधलं.

"पाच महिने," तो कप्तानला म्हणाला, "मी पोरीवरच रागावून होतो."