धुऱ्यावरची तिसरी हाक

परवा कंपनीचा माणूस माझा आवाज न्यायला आला होता.

हसू नका. आमच्याकडून आधी कापूस नेला, मग सोयाबीन नेलं, मग पोरं पुण्याला नेली. आवाज तेवढा राहिला होता, त्यासाठी आता चारचाकी आली. आली तीही भर दुपारी. मी खाटेवर पडलो होतो, अर्धा झोपेत, अर्धा जागा. फाटकातून हाक आली. मी गप्प राहिलो. आमच्यात दुपारच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला जमत नाही. तिसरी आली की समोरचा जिवंत आहे असं समजायचं. हे मला शाळेत शिकवलं नाही. पण मी चौथीपर्यंतच होतो, पुढच्या वर्गात शिकवत असतील.

तिसरी आली. मी ओ दिली, उठलो, दार उघडलं.

पोरगा चांगला होता, पांढऱ्या बुटांचा. धुळीला घाबरून टाचेवर चालत होता. म्हणाला, काका, आम्ही वावर राखायची मशीन बनवतो, तिच्यात माणसांचे आवाज भरायचे आहेत, अन् अनसिंगच्या बाजारात सगळे तुमचंच नाव सांगतात. सांगणारच. त्याच बाजारात मी म्हशीचा आवाज काढून एका व्यापाऱ्याला रिकाम्या गोठ्यात बादली घेऊन बसवलं होतं. तलाठ्याच्या आवाजात सरपंचाला अन् सरपंचाच्या आवाजात तलाठ्याला शिव्या घातल्या होत्या. दोघं अजून बोलत नाहीत.

त्याला म्हटलं, बस. चहा घे. आवाज देतो, पण आधी जगदेवच्या वावरातलं ऐक.

जगदेवचं वावर माझ्या वावराला लागून. मधे धुरा, म्हणजे बांध. त्याची बायको भागिरथा रोज दुपारी टोपल्यात भाकर घेऊन यायची अन् धुऱ्यावर थांबायची. जगदेव जिथं असेल तिथून हाक मारायचा, "अवंऽऽ." बायकोचं नाव घ्यायचं नाही ही जुनी रीत. हा बुवा तर कावळ्यांपुढंही घ्यायचा नाही. तीनदा अवं झालं की ती ओ द्यायची अन् तुरीत शिरायची. रोज समोर दिसत असला तरी तीनदाच. मी त्याची नक्कल करून दोघांना लई छळलं. एकदा माझ्या हाकेवर ती अर्ध्या वावरापर्यंत गेली, मग परत येऊन तिनं मला ढेकूळ फेकून मारलं.

"आता नाई फसत मी, खेमाभाऊ," म्हणाली. "तुमचा अवं मले वळखू येते. त्यात माया नाई."

गावात मला भाऊ म्हणणारी ती एकटीच. बाकीच्यांचा मी आबा, चाचा, नाहीतर तो हलकट.

मागच्या साली दिवाळीच्या तोंडावर जगदेव विहिरीवर मोटर चालू करायला गेला. भागिरथा धुऱ्यावर उभी होती. एक हाक आली. दुसरी आली. तिसरी आली नाही. ती उभी राहिली. भाकर गार झाली, सावल्या लांबल्या, तरी उभीच. जगदेव करंट लागून विहिरीत पडला होता. लोकांनी त्याला वर काढला तेव्हाही ती धुऱ्यावरच होती, डोक्यावर टोपलं तसंच. डॉक्टर म्हणाला, बाई, तू धावत गेली असतीस तरी तो वाचला नसता. तिनं मान हलवली. पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्यांचा पोरगा, नवीन त्याचं नाव, पुण्याला कामाला. त्याला राहता येईना अन् वावर राखल्याशिवाय पीक हाती लागेना. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप एकदा शिरला की सकाळी नुसती खुंटं उरतात. म्हणून त्यानं यंदा मचाणावर एक पेटी बसवली. वर सोलरची पाटी, समोर काचेचा डोळा, बाजूला भोंगा. जनावर दिसलं की पेटी ओरडायची, अन् दर खेपेला वेगळं ओरडायची. एकच आवाज रोज ऐकला की रोही त्याला जुमानत नाहीत, आपल्या आमदारासारखं. पेटीला कोणाचा तरी आवाज लागतो. जगदेवच्या मोबाईलमध्ये त्याच्या रात्रीच्या जागलीच्या आरोळ्या भरलेल्या होत्या. नवीननं त्याच दिल्या.

"बाबाचा आवाज वावरात राहीन, आबा," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी चेष्टा केली नाही.

पहिले काही दिवस गंमत वाटली. मचाणावरून मेलेला जगदेव रोह्यांना झापायचा, "हट रे, तुह्या बापाचं वावर हाय काय!" मी माझ्या वावरात पोट धरून हसलो. मग ध्यानात आलं, की हे वाक्य मोबाईलमध्ये नव्हतं. त्या आरोळ्या मी ऐकलेल्या होत्या. जगदेव असं बोलला असता, हे खरं. पण बोलला नव्हता.

एका दुपारी भागिरथा सवयीनं भाकर घेऊन आली. तूर डोक्याएवढी झाली होती. कापलेल्या सोयाबीनच्या कुटाराचा कुबट वास सगळीकडे. होले घुमत होते. ती धुऱ्यावर पोचली अन् पेटी बोलली, "अवंऽऽ."

जरा थांबून पुन्हा, "अवंऽऽ."

मग काही नाही.

फोनवर नवीन म्हणाला, अवं तर मी भरलंच नाही, मागं कुठंतरी बारीक ऐकू येत असेल, मशीन तेवढ्यावरून शिकते. असेल. मला मोबाईलची बत्ती बंद करता येत नाही, मी काय सांगू. पण तेव्हापासून रोज दुपारी दोन हाका. अन् भागिरथा रोज धुऱ्यावर. आत जायची नाही, घरी जायची नाही. ऊन असं की ढेकळं तडकत होती. भाकर जशीच्या तशी परत न्यायची. यंदाची दिवाळी येईपर्यंत बाई नुसती लुगड्याची घडी राहिली.

मी तिला म्हटलं, "बाई, मशीन हाय थे."

"म्हाईत हाय मले," ती म्हणाली. "मशीन दोनदाच मारते. तिसरी हे मारतीन. त्यायची राह्यली हाय."

मी नवीनला फोन करून बोलावून घेतलं. त्यानं मचाणावरून पेटी उतरवली, तारा तोडल्या अन् वाशीमला सैफुद्दीनच्या दुकानात नेऊन टाकली. सैफुद्दीन मोबाईल, रेडिओ, काय वाट्टेल ते खोलतो. बंद होतं का नाही, ते सांगत नाही. त्याला सांगितलं, याच्यातून जगदेव काढून टाक.

दुसऱ्या दिवशी भागिरथा पुन्हा धुऱ्यावर. आता एकही हाक नाही, तरी ती उभी. दिवस कलायच्या आत एकदा तिथंच कोसळली. नवीननं उचलून आणली. पाणी पाजलं, ते ओठावरून खाली आलं. रात्री तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"आबा, तुमी काढा ना बाबाचा आवाज. तीनदा. ती आत येईन, सावलीत बसून जेवीन. मंग बाबाच्याच आवाजात सांगा, पोराबरोबर पुण्याले जाय म्हणून. नाई तं माय मरते माही."

जन्मभर मी लोकांना न विचारता फसवलं. हात जोडून कोणी फसवायला सांगितलं, ही पहिलीच वेळ.

दुपारी मी मचाणावर चढलो. गुडघे दोनदा नाही म्हणाले. नवीन खाली, खांबाला धरून. वारा पडला होता. विहिरीकडून शेवाळाचा, गाळाचा वास येत होता. धुऱ्यावर टोपलं दिसलं, मग त्याच्या खालची ती. मी गळा साफ केला.

"अवंऽऽ."

तिनं मान वर केली.

"अवंऽऽ."

चांगली जमली होती. माया नसेल, बाकी सगळं होतं. तिसरीसाठी मी छातीत हवा भरली... अन् तेवढ्यात तिसरी आली.

माझ्या तोंडून नाही. विहिरीकडून. मोठी नव्हती. रांजणात तोंड घालून कोणी हळूच बोलावं, तशी.

"भागीऽऽ..."

होले गप्प झाले. नवीननं माझ्याकडे वर पाहिलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्याच्यासाठी नाही. मलाच खात्री करून घ्यायची होती.

"ओ," भागिरथा म्हणाली. शेजारच्या खोलीतल्या माणसाला देतात, तेवढ्याच आवाजात. टोपलं धुऱ्यावर ठेवलं अन् तुरीत शिरली.

तुरीचे शेंडे हलत चालले. मचाणाकडे नाही. नवीन धावला. मी जगदेवच्या आवाजात ओरडलो, "अवं, थांब!" शेंडे थांबले नाहीत. मग माझ्या स्वतःच्या आवाजात ओरडलो. त्या आवाजाची मलाच सवय नाही, फाटका निघाला.

"भागिरथा, मी खेमा हाय. मी हाय, बाई. थांब."

ती थांबली. विहिरीच्या काठावर. माझ्याकडे वळून हसली, ढेकूळ फेकून मारलं होतं त्या दिवशी हसली होती तशी.

"दोन तुमच्या होत्या, खेमाभाऊ. वळखल्या म्या."

नवीनचा हात तिच्या पदरापर्यंत पोचला. पदर हातात आला. ती आली नाही.

रात्री सगळं आटोपल्यावर नवीन माझ्याजवळ आला. तो फाटलेला पदर अजून त्याच्या मुठीतच होता.

"आबा, भागी कोणी म्हणे तिले?"

"नाई रे बावा. म्या तं आजच ऐकलं."

"म्याबी," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वाशीमहून सैफुद्दीन आला. सगळे उठून गेले तरी तो बसून राहिला. मग म्हणाला, पेटी दुकानात खोलून ठेवली होती, बॅटरी एका फळीवर, भोंगा दुसऱ्या फळीवर. भागिरथा गेली त्या दिवशी तो जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजला उठला अन् मागून बाईमाणूस बोललं, "ओ."

"मले वाटलं गिऱ्हाईक आलं, चाचा," तो म्हणाला. "मी म्हटलं, बोला बाई. पाहतो तं दुकानात कोणीच नाई..."

इतकं सांगून मी थांबलो. कंपनीच्या पोरानं चहा तसाच ठेवला होता, त्याच्यावर साय धरली होती. मग तो बोलायला लागला. मन काय करतं, कान काय करतो, विहिरीत आवाज कसा घुमतो. शिकलेली माणसं घाबरली की जास्तच शिकलेलं बोलतात. मी ऐकून घेतलं.

म्हटलं, "आवाज ने तू माहा. हव्या तेवढ्या मशीनीत भर. पण तिले तीनदा हाक मारायले शिकवजो नको. दोनच. नाई तं आमी वळखाव कसं?"

तो हसला, कसंनुसं. आवाज न घेताच उठला. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. गाडीचं दार उघडून म्हणाला, "बरं झालं, काका, तुम्ही वेळेवर ओ दिलीत. मी निघालोच होतो, गाडी सुरू केली होती."

"तिसरी मारून?"

"तिसरी कुठं? दोनदाच मारली. काका, काका, म्हणून. तुम्ही उठला नाहीत, मग गाडीत जाऊन बसलो."

धूळ उडवत तो गेला. मी खाटेवर येऊन बसलो. फाटक खाटेच्या समोर आहे. ती तिसरी हाक मागून आली होती, परसातून, जिकडे जगदेवचं वावर आहे तिकडून. झोपेत ध्यानात आलं नाही, आता चांगलं आठवतं. काका नव्हती ती.

"खेमाभाऊ," अशी होती.

अन् मी ओ देऊन बसलो आहे.