शेवट नसलेलं गाणं

तंजावुरातल्या वीणेच्या दुकानात श्रीकर माइक धरून तारांचा नाद टिपत होता, तेवढ्यात मागं कुणीतरी गुणगुणलं. त्यानं मान न वळवताच तमिळमध्ये गप्प राहायला सांगितलं.

वीणेचे पडदे नव्या मेणात बसवून घ्यायला आलेली ती मुलगी गप्प झाली खरी, पण ओठांतल्या ओठांत पुटपुटलीच, "काय ऐट मेल्याची!" मराठीत, अर्थात. परक्याला नावं ठेवायला तंजावुरात याहून सोयीची भाषा कुठली?

"मेला जिवंत आहे अजून," श्रीकर मराठीत म्हणाला. "आमच्या आजोबांचं घर इथल्या मराठ्यांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतच होतं."

तिचे कान लालबुंद झाले. आणि आमचा गडी तिथंच गारद!

श्रीकर चेन्नईत व्हिडिओ गेमना संगीत द्यायचा. ती कृष्णवेणी, तिरुवैयारूत मुलांना गाणं शिकवायची. नव्या गेममध्ये एक नावाडीण होती आणि तिचं एकच गाणं होतं. खेळणारा गावात असला की त्याचं एक रूप, वादळात सापडला की दुसरं, हरला की तिसरं. ती सगळी रूपं हिनंच गावीत, असं त्या गुणगुणण्यावरूनच श्रीकरनं ठरवून टाकलं आणि तिला राजीही केलं.

"फक्त गाण्याला शेवट नको," पहिल्या शनिवारी तिच्या वर्गात माइक लावताना तो म्हणाला. "खेळणारा घाटावर बसून राहिला, तर गाणंही फिरत राहायला हवं."

"शेवट नाही? मग माणसानं उठायचं कधी?"

ती गायली. गावातलं रूप असं गायली, जणू कुणी अंगणात कोलमची रांगोळी काढता काढता सहज गातंय. वादळातलं गायली तेव्हा सूर तेच, शब्द तेच, पण श्रीकरच्या अंगावर काटा आला. एवढंसं गाणं, आणि त्यात किती रूपं दडलेली! तो हेडफोन घट्ट धरून नुसता बघत राहिला.

पण प्रत्येक वेळी शेवटी तिनं मंगळम् जोडलं. मैफल संपताना गायच्या त्या दोन मंगल ओळी म्हटल्याशिवाय तिच्या घरात कुणी गाण्यावरून उठत नसे.

"शेपूट चिकटलं," श्रीकर गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा गावं लागेल. पुढच्या शनिवारी?"

"सेरी, चालेल," ती म्हणाली.

खरं तर ते शेपूट एका क्लिकनं कापता येतं. पण ते सांगेल तो श्रीकर कसला! दर शनिवारी स्वारी पहाटेच्या गाडीनं हजर. ती गायची, मंगळम् जोडायची, हा मान हलवायचा. मग कावेरीकाठी कॉफी, तिच्या गजऱ्याचा वास आणि... परतीची बस.

शेवटी कंपनीनं तगादा लावला. हरल्याचं रूप तेवढं राहिलं होतं. ते झालं की यायला निमित्तच नाही, आणि न बोलता गेलो तर हिला कायमचं गमावलं, हे त्याला पक्कं कळत होतं.

त्या दिवशी ती इतकी हळू गायली, जणू हरलेल्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय. आणि मग... मंगळम्.

श्रीकरनं हेडफोन काढला.

"वेणी... हे कापायला एक क्लिक पुरतं. पहिल्या दिवसापासून पुरत होतं."

"म्हणजे इतके दिवस मी उगाच गायले?"

"उगाच नाही. मला ऐकायचं होतं. गेमसाठी नाही – माझ्यासाठी. मला तुम्ही फार आवडता."

ती तंबोऱ्याची खुंटी उगाच पिळत बसली.

"माझी मैत्रीण अंबा लग्नाचे व्हिडिओ जोडते," ती खाली बघतच म्हणाली. "कापता येतं, हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग तुम्ही दर वेळी मंगळम्...?"

"तुम्ही 'पुन्हा' म्हणावं म्हणून."

श्रीकरला हसावं की तिचा हात धरावा, कळेना. तिनंच उठून चपला घातल्या.

"चला, माझे अप्पा घरीच आहेत. पण त्यांच्यासमोर एकदाच बोलायचं, आणि नीट. तिथं रीटेक मिळत नाही."