दहा गड्डे जास्त

रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरच्या कुणीतरी उचलतंय, हे बो-रमनं गच्चीवरून पाहिलं आणि ती अनवाणीच धावली. चोर चांगला उंच होता, पाठीला पिशवी, आणि सप्टेंबरातल्या भुरभुर पावसात ताडपत्रीची टोकं धडपडत गोळा करत होता. चोर कसला... मिरच्या भिजू नयेत म्हणून बिचारा बसमधून उतरल्या उतरल्या कामाला लागला होता. वर त्याच हातानं त्यानं डोळा चोळला. मग काय, आमच्या ग्वेसान तालुक्याच्या मिरचीनं पाहुण्याला हिसका दाखवला आणि बो-रमनं त्याला मनगटाला धरून नळावर नेलं.

आर्तुर त्याचं नाव. पणजी इकडची, म्हणून कझाकस्तानातून हा देश बघायला आलेला. कोरियन बोलायचा तीही पणजीच्या काळातली. गावातल्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. आठ दिवसांसाठी आलेला हा बाबा बो-रमच्या आईची मागची खोली भाड्यानं घेऊन दोन महिने राहिला, आणि प्रश्न विचारून विचारून त्यानं बो-रमचं डोकं खाल्लं. मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय जेवायचं का नाही? काकू मला रोज ‘जेवलास का’ कशाला विचारतात, मी त्यांच्याच घरी जेवतो ना? ती उत्तरं द्यायची, त्याला चिडवायची, आणि तो धुक्यातल्या डोंगराकडे बघत असला की चोरून त्याच्याकडे बघायची. प्रेमात पडली होती पोरगी, पार बुडाली होती.

बघता बघता नोव्हेंबर सरत आला. रविवारी त्याचं विमान. ‘जाऊ नकोस’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण शब्द ओठांवर यायचे आणि... परत जायचे. आमची छुंगछोंग प्रांतातली माणसं अशीच. घराला आग लागली तरी म्हणतील, जरा ऊबदार वाटतंय, नाही?

शनिवारी हिवाळ्याच्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, घाट होता. रात्रभर मिठात मुरलेली कोबी धुवायला शेजारीण आली, आर्तुरही बाह्या सरसावून बसला. आईचं माप ठरलेलं, माणशी दहा गड्डे की हिवाळा निघतो. त्या दोघी मायलेकी आणि सोलमधले मुलगा-सून, म्हणजे चाळीस. धुता धुता आई थबकली.

“बो-रम, हे पन्नास आहेत.”

“चुकलं असेल मोजताना.”

“बरोबर दहाच बरे चुकले,” शेजारीण मुळा किसता किसता म्हणाली. “नऊ नाही, अकरा नाही.”

बो-रमचे कान लाल झाले. प्रश्न विचारल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, तो आर्तुर मान खाली घालून बोटांवर काहीतरी मोजत राहिला. गड्डे धुऊन झाले, मसाला भरायला सुरुवात झाली. मग हळूच म्हणाला, “काकू, माणशी दहा ना? मग हे वरचे—”

बो-रमनं झटकन मसाला माखलेलं कोवळं पान सगळ्यांसाठी उकडून ठेवलेल्या मांसाच्या तुकड्याभोवती गुंडाळलं आणि त्याच्या तोंडात कोंबलं. “खा आणि गप्प बस.”

तिची हातमोज्यातली बोटं त्याच्या ओठांना लागली... जरा जास्तच वेळ लागली. तो चावत राहिला. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं, पण नजर काही हलली नाही.

“उद्या नाही जात मी,” तो म्हणाला. “हिवाळा इथंच काढतो.”

“तिखट लागलंय म्हणून बडबडतोयस.”

“नाही. आणि दहा मला पुरायचे नाहीत, बो-रम. मी जास्त खातो.”

तिला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. हातमोजे मिरचीनं माखलेले, डोळे पुसायचे तरी कसे? त्यानंच दंडावरच्या बाहीनं पुसले, सगळ्यांच्या देखत.

आई वर न बघता म्हणाली, “मग बसलास काय? मळ्यातून आणखी पाच उपटून आण. आणि बो-रम, तूही जा. त्याला एकट्याला जमायचं नाही.”

दोघं गेली ती तासाभरानं परतली, तीन गड्डे घेऊन. आईनं ते मोजले नाहीत.