काटेबुवांची तहान

काटेबुवांसमोर काठोकाठ भरलेली वाटी होती, तरी ते तहानेने सुकत चालले होते. असं कसं होईल, सांगा बरं?

काटेबुवा म्हणजे आमच्या मंगळावरच्या वसाहतीतला एकुलता एक काटेरी सरडा. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आलेले, तळहातावर मावणारे, अंगभर काटे आणि चेहऱ्यावर कायमचा रुसवा! त्यांची देखभाल नुकतीच माझ्याकडे, म्हणजे शाल्मलीकडे आली होती आणि मी तिच्यात जराही कसूर केली नव्हती. पहाटे काचेच्या घुमटावरून दवाचे थेंब त्यांच्या वाळूत टपकायचे. मी लगेच ओली वाळू काढून कोरडी घालायची, बुवांची पाठ पुसायची आणि फडकं पाण्याच्या टाकीत पिळायची. थेंबही वाया नाही आणि बुवांना सर्दीही नाही.

पण बुवांची कातडी सुरकुतली. पाचव्या दिवशी त्यांनी आपल्या खाऊकडे, मुंग्यांकडेही पाहिलं नाही, तेव्हा मी रडतच आप्पाआजोबांना बोलावून आणलं. ते प्राणिशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी भिंगातून बुवांची पाठ पाहिली, मग माझ्या हातातलं फडकं पाहिलं.

“शालू, रोज पुसतेस?”

“रोज! अगदी चकाचक.”

“म्हणजे रोज त्यांचं पाणी तूच काढून घेतेस.”

मला काही कळेना. आजोबांनी भिंग माझ्या हाती दिलं. खवल्यांमधून केसासारख्या बारीक पन्हळी गेल्या होत्या आणि त्या थेट जबड्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत होत्या.

“निरांजनातलं तेल वातीत वर चढतं ना? तेच केशाकर्षण (अगदी अरुंद जागेत द्रव आपोआप ओढला जाणं). बुवा ओल्या वाळूत उभे राहतात, ती पाठीवर उडवून घेतात. पाणी पन्हळींतून तोंडाशी येतं. वाटीतलं पाणी त्यांना पिताच येत नाही. वाळवंटात वाट्या कोण मांडणार?”

“उद्या पहाटे दव पडेल. तोवर टिकतील?”

“सांगता येत नाही, बाळा.”

माझ्या बाटलीत माझ्या वाट्याचं दिवसभराचं पाणी होतं. पण पाणी जमिनीवर सांडायचं नाही, हे आमच्याकडे चालायला लागण्याआधीच शिकवतात. मी आजोबांकडे पाहिलं.

“पाणी तुझं आहे. तूच ठरव,” ते म्हणाले.

मी बाटली वाळूत उपडी केली.

बराच वेळ बुवा हललेच नाहीत. मग त्यांनी पाय झाडले आणि ओली वाळू पाठीवर उडवली. पुन्हा उडवली. सगळी पाठ चिखलाने माखली. पुसायची इतकी इच्छा झाली की मी फडकं आजोबांच्या खिशात कोंबलं! पाठीवरची ओल हळूहळू मानेकडे सरकली आणि बुवांचा जबडा हलू लागला.

“पितायत! आजोबा, पितायत!”

आजोबा मात्र वर घुमटाकडे पाहत होते. “काचेवर अशाच पन्हळी कोरल्या तर? दव आपल्या पायांनी टाकीत येईल. उद्याच करून बघू,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःची बाटली माझ्यापुढे धरली. “घे, अर्धं तुझं.”

मी मानेनेच नको म्हटलं. मला तहान नव्हतीच. बुवांचा एकेक घोट माझ्याच घशातून उतरत होता.